डोंगरावरची बत्तीस घरं

ओमानमधलं हैल सिद्र हे आपलं गाव आहे, असं चंद्रशेखर परुळेकरला सत्तावीस वर्षं वाटत आलं होतं. तिथे त्याचं घर नव्हतं, जमीन नव्हती, नातेवाईक असण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण सत्त्याण्णव साली कुरियातच्या पलीकडच्या डोंगरांत रस्ता न्यायचा ठरला, तेव्हा मोजणीला तो गेला होता. वेंगुर्ल्याहून नुकताच आलेला तीस वर्षांचा सर्व्हेअर. खजुरीच्या बागेशेजारी तंबू ठोकून तो दोन महिने राहिला आणि गावातली प्रत्येक चढण, पाण्याच्या पाटाचा प्रत्येक उतार लेव्हलमधून, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीतून, पाहून त्याने वहीत उतरवला. पुढे रस्ता झाला, दवाखाना झाला, गावातली तरुण मंडळी मस्कतला नोकरीला लागली. मस्कतच्या रुवी भागातल्या ऑफिसात कुणी हैल सिद्रचं नाव काढलं की चंद्रशेखर कॉम्प्युटरवरून मान वर करून म्हणायचा, माझं गाव ते.

म्हणून गावच्या वडीलधाऱ्यांनी गावावर एक पुस्तक करायचं ठरवलं आणि ते काम त्याच्याच कंपनीकडे आलं, तेव्हा हे आपल्यालाच मिळणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. इतिहास, भूगोल, लोकसंख्या, नकाशे, जुने फोटो, असं सगळं त्यात यायचं होतं. मॅनेजर ओमप्रकाशने त्याला केबिनमध्ये बोलावून नकाशे आणि भूगोल त्याच्याकडे दिला. इतिहास आणि लोकसंख्या क्षितिज साठ्येकडे, आणि संपादकही तोच, हे त्याने जाता जाता सांगितलं.

क्षितिज एकतीस वर्षांचा, पुण्याचा, नगररचना शिकलेला. मस्कतला येऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पण तो पुण्यातच दोन वर्षं अरबी शिकला होता आणि इथे आल्यावर रोज दुपारी ऑफिसच्या ड्रायव्हरशी अरबीतच गप्पा मारायचा. चंद्रशेखरचं अरबी सत्तावीस वर्षांत यल्ला, खलास, इन्शाल्ला आणि डावं-उजवं यांच्यापुढे गेलं नव्हतं. त्याला कधी गरजच वाटली नव्हती. डोंगर काही बोलत नाही, तो मोजायचा असतो, असं तो म्हणायचा.

पहिल्या भेटीला दोघं चंद्रशेखरच्या गाडीतून गेले. अल अमेरात मागे टाकून घाट चढताना चंद्रशेखर क्षितिजला एकेक वळण दाखवत होता. इथे आम्ही सुरुंग लावला, इथे आमची गाडी दोन दिवस वाळूत रुतली. क्षितिज खरोखर लक्ष देऊन ऐकत होता. त्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याविषयी चंद्रशेखरच्या मनात काही वाकडं नव्हतं.

गावातल्या सबल्यात, म्हणजे बैठकीच्या सार्वजनिक खोलीत, सात-आठ म्हातारे वाट पाहत बसले होते. मध्ये बसलेले नुमान मास्तर गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. चंद्रशेखरने त्यांना लगेच ओळखलं. सत्त्याण्णव साली ते तरुण शिक्षक होते आणि एका शुक्रवारी त्यांनी त्याला घरी जेवायला नेलं होतं. भात, मटण, वर लिंबाचं लोणचं. त्याने क्षितिजला ते सांगायला लावलं. क्षितिजने सांगितलं. नुमान मास्तरांनी चंद्रशेखरकडे बघून सभ्यपणे मान हलवली, डोळे बारीक केले आणि म्हणाले की रस्त्याच्या कामाला तेव्हा पुष्कळ लोक आले होते, सगळ्यांवर अल्लाची कृपा असो. मग ते क्षितिजकडे वळले आणि हे अरबी कुठे शिकलास म्हणून विचारू लागले. क्षितिजने काहीतरी उत्तर दिलं आणि सगळे म्हातारे हसले. नुमान मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो उठेपर्यंत काढला नाही.

चंद्रशेखरने कहव्याचा लहानसा कप हातात फिरवत ते सगळं पाहिलं. आपल्याच घरी पाहुणा म्हणून आल्यासारखं त्याला वाटलं.

त्यानंतर क्षितिज एकटाच जाऊ लागला. दर आठवड्याला परत येऊन तो नवं काहीतरी सांगायचा. नुमान मास्तरांनी त्याला पाण्याच्या वाटणीची आजोबांची वही दाखवली. एका म्हातारीने आतल्या अंगणात बसवून लग्नातली गाणी म्हणून दाखवली. लोकसंख्येसाठी त्याने जे केलं त्याने तर ओमप्रकाशही खूश झाला. क्षितिजने माणसं दोनदा मोजली. मंगळवारी गावात सहाशे चाळीस माणसं भरली आणि सुट्टीच्या शुक्रवारी, मस्कतची मंडळी घरी आल्यावर, तेराशे बारा. मंगळवारच्या माणसांत निम्म्याहून जास्त बाहेरचे होते, खजुरीच्या बागांत राबणारे बांगलादेशी, सिल्हेटचा शिंपी, दवाखान्यातली केरळची नर्स. क्षितिजने लिहिलं होतं की हे गाव पाच दिवस एक असतं आणि दोन दिवस दुसरं, आणि दोन्ही खरी आहेत. ओमप्रकाशने ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं.

चंद्रशेखरने तेव्हा टाळ्याही वाजवल्या. पण संध्याकाळी दार्सैतला घरी जाताना ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. दोन महिने तो त्या गावात राहिला होता. तेव्हाही शुक्रवारी बाहेर गेलेली माणसं परतून गाव भरायचं, ते त्याला काय दिसलं नव्हतं? दिसलं होतं. पण मोजावंसं वाटलं नव्हतं, आणि हेच त्याला जास्त लागलं.

घरीही तेच. त्याची बायको किशोरी हिला नवीन आलेल्या पोरांना जेवायला बोलावण्याची हौस. तिने क्षितिजला बोलावलं. तो आला, काकू काकू करत स्वयंपाकघरात उभा राहिला, सोलकढी कशी करतात ते विचारलं आणि दोनदा मागून घेतली. तो गेल्यावर किशोरी म्हणाली, किती मोकळा मुलगा आहे. चंद्रशेखर म्हणाला की मोकळेपणा हाच त्याचा धंदा आहे, माणसांच्या पोटात शिरून काम काढून घेतो. किशोरीने भांडी विसळता विसळता वळून त्याच्याकडे पाहिलं. राग आला की ती मालवणीत बोले.

"तुमका झालाहा तरी काय?" ती म्हणाली. "त्या पोरान तुमचा काय घेतल्यान?"

चंद्रशेखरने टीव्हीचा आवाज वाढवला.

मार्चमध्ये पुस्तकाचा मजकूर जुळत आला. एका दुपारी क्षितिज लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलाशी आला. गावात दोन आळ्या होत्या, उत्तरेची आणि दक्षिणेची. नुमान मास्तर आणि सबल्यात बसणारे बहुतेक सगळे उत्तर आळीचे. त्यांचं म्हणणं की गाव मुळात उत्तर आळीने वसवलं, पाण्याचा भुयारी पाट, ज्याला तिथे फलज म्हणतात, तोही त्यांच्याच पूर्वजांनी खणला, आणि दक्षिण आळीची माणसं साठेक वर्षांपूर्वी मजुरीसाठी येऊन राहिली. पण दक्षिण आळीतल्या एक-दोघांनी डोंगराकडे हात करून आमची घरं वर होती, असं काहीतरी म्हटलं होतं. क्षितिजने उपग्रहाचं चित्र उघडून दाखवलं. दक्षिणेच्या घळीत नुसती काळी सावली दिसत होती.

"सर, तुम्ही तिथे चढला होतात ना?" क्षितिजने विचारलं. "वर जुनी वस्ती होती का काही? तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार?"

चंद्रशेखर त्या घळीत चढला होता. घळीच्या मोजणीला चार दिवस लागले होते. वर एका सपाटीवर घरांचे चौथरे होते, दगडी भिंती कमरेपर्यंत शिल्लक होत्या, पावसाचं पाणी साठवायचा हौद होता, आणि त्याच्या खाली फलजची सगळ्यात पहिली, सगळ्यात खोल विहीर होती, जिथून पाट सुरू होतो ती. त्याने एकेक चौथरा मोजला होता. बत्तीस. त्या मोजणीची वही दार्सैतच्या घरी कपाटावरच्या ट्रंकेत होती.

त्याला वाटलं, सांगितलं तर हा उद्याच तिथे जाईल, म्हाताऱ्यांना बोलतं करेल आणि असं काहीतरी लिहील की ओमप्रकाश पुन्हा मोठ्याने वाचून दाखवेल. आपली बत्तीस घरंही याचीच होतील.

"वस्ती कसली," तो म्हणाला. "शेळ्यांचे गोठे आहेत दगडांचे. सोडून दे."

क्षितिजने थँक यू सर म्हणून लॅपटॉप मिटला. एवढ्या सहज तो विश्वास ठेवेल असं चंद्रशेखरला वाटलं नव्हतं. पुढचे काही दिवस एखादं कागदपत्र मागायच्या निमित्ताने तरी क्षितिज परत विचारेल, अशी त्याला भीती होती आणि थोडी आशाही. क्षितिजने विचारलं नाही. चंद्रशेखरने नकाशा पूर्ण केला. दक्षिणेच्या घळीत त्याने उंचीच्या रेषा तेवढ्या काढल्या, बाकी कोरं सोडलं. पुस्तक छापायला गेलं.

प्रकाशन नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी सबल्यात झालं. बाहेर गाड्यांची रांग लागली होती, हलव्याची ताटं फिरत होती. क्षितिजने पांढरा सदरा घातला होता आणि नुमान मास्तरांनी त्याला स्वतःशेजारी बसवलं होतं. चंद्रशेखर दाराजवळ भिंतीला टेकून बसला. पुस्तकं वाटली गेली. लोक आधी फोटो पाहत होते, कुणी आपल्या आजोबांवर बोट ठेवत होतं.

समोरच्या भिंतीशी दक्षिण आळीची दहा-बारा माणसं बसली होती. त्यांतल्या एका साठी ओलांडलेल्या, उंच, काटक माणसाने फोटो पाहिले नाहीत. त्याने थेट नकाशाचं पान उघडलं. चष्मा कपाळावर चढवून, पान नाकाशी धरून तो एक जागा शोधत होता. एकदा पाहिलं, मग पुस्तक उलटं करून पाहिलं. शेजारच्या तरुणाने त्याला इतिहासाच्या पानावरून, दक्षिण आळी मजुरीसाठी येऊन राहिली, हे वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, पुस्तक मिटलं, समोरच्या चटईवर ठेवलं आणि उठला. त्याच्यामागोमाग दक्षिण आळीची सगळी माणसं उठली. कुणी आवाज चढवला नाही. सगळ्यांनी आपापली पुस्तकं चटईवर ठेवली.

दाराशी आल्यावर तो माणूस थांबला. चंद्रशेखरच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि मग चंद्रशेखरला तो हात ओळखू आला, डाव्या हाताचं तुटलेलं बोट. झैन. त्या घळीत चार दिवस मोजणीचा स्टाफ, म्हणजे आकड्यांची उंच पट्टी, धरून त्याच्यापुढे चढणारा, त्याची पाण्याची बाटली संपली की आपली पुढे करणारा झैन. सत्तावीस वर्षांत चंद्रशेखरला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती.

"इंजिनिअर," झैन आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम बत्तीस घर लिखा था ना?"

चंद्रशेखरने नजर चटईवरच्या पुस्तकांकडे वळवली. झैन चपला घालून निघून गेला.

क्षितिज त्यांच्यामागे बाहेर धावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. नुमान मास्तर त्याला समजावत होते की ते लोक असेच आहेत, लक्ष देऊ नकोस. बाहेर झैनने क्षितिजला काय सांगितलं ते चंद्रशेखरला नंतर कळलं. वर डोंगरात माझे आजोबा जन्मले, एका हिंदी इंजिनिअरने आमची घरं मोजून वहीत लिहिली आहेत, असं झैन गेली सत्तावीस वर्षं मुलांना, नातवंडांना सांगत होता. पुस्तक येणार म्हटल्यावर त्याने सगळ्यांना बजावलं होतं की आता बघा. मोजणारा इंजिनिअर कोण, ते त्याने क्षितिजला सांगितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर क्षितिज म्हणाला की चूक माझी आहे, मी स्वतः चढून बघायला हवं होतं, एका आळीचं ऐकून लिहिलं. असं तो तीन-चार वेळा म्हणाला. अल अमेरातच्या अलीकडे चंद्रशेखरने गाडी पेट्रोल पंपाच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

त्याने सगळं सांगितलं. चौथरे, हौद, विहीर, ट्रंकेतली वही. सांगताना तो समोरच्या काचेकडे बघत होता.

"पण का, सर?" क्षितिजने विचारलं.

चंद्रशेखरने वेगळं काहीतरी सांगायचा विचार केला. विसरलो, वही सापडली नाही, वय झालं. तिन्ही उत्तरं तयार होती.

"मला तुझा हेवा वाटत होता," तो म्हणाला. "अजून वाटतो."

क्षितिज त्याच्याकडे नीट बघत राहिला, जणू हा माणूस त्याला पहिल्यांदाच दिसत होता. मग त्याने मागच्या सीटवरची बॅग घेतली, दार उघडलं आणि रस्ता ओलांडून टॅक्सीच्या थांब्याकडे चालू लागला.

घरी जाऊन चंद्रशेखरने ट्रंक खाली काढली. किशोरीने काय झालं ते विचारलं आणि त्याने तिलाही सांगितलं. ती पलंगावर बसून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की त्या झैनकडे जा आधी, ऑफिस नंतर.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तो एकटा गेला. झैनचं घर शोधायला वेळ लागला नाही. झैनने त्याला आत घेतलं, खजूर पुढे ठेवले, कहवा ओतला. चंद्रशेखरने वही उघडून त्याच्यासमोर धरली. पानाच्या कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, स्टाफ: झैन. झैनला देवनागरी वाचता येत नव्हतं. चंद्रशेखरने बोट ठेवून वाचून दाखवलं. मग साध्या सोप्या हिंदीत आणि आपल्याकडच्या थोड्या अरबीत सांगितलं की त्या पोराचा काही दोष नाही, मी मुद्दाम लपवलं, मला वाईट वाटलं की सगळे त्यालाच मानतात. झैनला किती कळलं कोण जाणे. तो वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने विचारलं की मशीन आणली आहेस का. चंद्रशेखर म्हणाला, नाही. झैन म्हणाला की मग पुढच्या शुक्रवारी आण, वही जुनी झाली, परत मोजू.

ओमप्रकाशला सोमवारी सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला आणि हे नजरचुकीने झालं असं म्हणू या म्हणून सुचवलं. चंद्रशेखरने नको म्हटलं आणि घडलं ते एका कागदावर लिहून सही करून दिलं. वाटलेली पुस्तकं परत मागवून नवी आवृत्ती काढायचं ठरलं. पुढच्या वर्षापासून त्याने सल्लागार म्हणून राहावं, मोठी कामं दुसऱ्यांकडे जातील, हेही त्याच बैठकीत ठरलं. त्याने वाद घातला नाही.

शुक्रवारी डोंगर चढायला तिघं होते. क्षितिज वेगळ्या गाडीने आला. पुस्तक त्याचं होतं, प्रकरण त्याला नव्याने लिहायचं होतं, म्हणून आला. चंद्रशेखरशी तो कामापुरतं बोलला. यंत्र इथे ठेवायचं का, वाचन किती आलं. चंद्रशेखरचे गुडघे भरून येत होते, दोन ठिकाणी बसावं लागलं. सपाटी मात्र तशीच होती. झैन स्टाफ घेऊन चौथऱ्या-चौथऱ्यावर उभा राहिला, चंद्रशेखरने वाचन घेतलं. बत्तीस झाले तेव्हा झैनने हात हलवून नकार दिला आणि झुडपाआड नेऊन आणखी दोन दाखवले. मागच्या वेळी हे दोन सुटले होते, त्याने तेव्हाही सांगायचा प्रयत्न केला होता, पण इंजिनिअरला ऐकायला वेळ नव्हता.

मग क्षितिज वही उघडून झैनजवळ बसला. हे घर कुणाचं, ते कुणाचं, इथे कोण जन्मलं, पाणी आटलं तेव्हा आधी कोण खाली उतरलं. झैन बोलू लागला तो थांबेचना. एका घराबद्दल सांगताना तो पोट धरून हसला आणि क्षितिजही हसला. पन्नास फुटांवर यंत्राशी उभ्या असलेल्या चंद्रशेखरच्या छातीत तीच जुनी कळ आली. झैन त्याला ओळखत होता, त्याच्यासाठी स्टाफ धरायचा, पण हसत होता तो क्षितिजबरोबर. चंद्रशेखरने ती कळ तशीच राहू दिली आणि पुढचं वाचन घेतलं.

नवी आवृत्ती मार्चमध्ये आली. नुमान मास्तरांनी आणि उत्तर आळीच्या काही जणांनी तोंड वाकडं केलं, पण फलजची पहिली विहीर दक्षिण आळीच्या जुन्या घरांखालीच आहे हे आकड्यांवरून दिसत होतं आणि मास्तर आकड्यांशी भांडणारे नव्हते. प्रकाशन या वेळी दक्षिण आळीतल्या एका अंगणात झालं. चंद्रशेखरला निमंत्रण झैनकडून आलं, क्षितिजकडून नाही. पुस्तक हातात पडल्यावर त्याने नकाशाच्या पानावर आपलं नाव आहे का, हेच आधी पाहिलं, आणि पाहताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. नाव होतं. मोजणी: चंद्रशेखर परुळेकर आणि झैन. खाली दोन्ही वर्षं, सत्त्याण्णवही. क्षितिजने काही वगळलं नव्हतं आणि उपकार केल्यासारखं कुठे जास्तही लिहिलं नव्हतं.

चंद्रशेखर ते पान बराच वेळ धरून बसला. संपादक आपण असतो आणि हे आपल्याशी कुणी केलं असतं, तर आपण त्याचं नाव ठेवलं असतं का? नसतं ठेवलं, हे त्याला पक्कं माहीत होतं. आता त्याला क्षितिजच्या अरबीचा हेवा वाटत नव्हता, आणि लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवतात याचाही नाही. त्याला हेवा वाटत होता तो या एका ओळीचा.

अंगणाच्या पलीकडच्या बाजूला क्षितिज म्हाताऱ्यांना पुस्तकं वाटत होता. चंद्रशेखर उठला, त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या हातातला अर्धा गठ्ठा घेतला. क्षितिजने तो घेऊ दिला. दोघांनी दोन बाजूंनी वाटप सुरू केलं.